मूर्ती नेणाऱ्या पिकअपच्या स्प्रिंगा

अंकुश गणवीर बेसा गावातल्या शेडमध्ये प्लास्टरच्या बुद्धमूर्ती घडवतो आणि त्याची बायको प्रेमिला जुन्या पिकअपमधून त्या विहारांपर्यंत पोचवते. बाईच्या पायाला भिंगरी. मूर्ती भरेपर्यंत गाडीभोवती तिच्या चार चकरा होतात.

मागच्या फेरीत एका मूर्तीची बोटं तडकली. पिकअपची पुढची डावी स्प्रिंग दबून बसली होती, प्रत्येक खड्ड्यात गाडी त्या अंगानं आदळायची. आता काटोलजवळच्या एका गावच्या विहारात पौर्णिमेला नवी मूर्ती बसायची होती.

मिस्त्री रविंद्रभाऊ म्हणाले, "जाड तारेच्या टाका, ताई. ओझ्याची गाडी हाय, पुन्हा बसनार नाही."

दुकानात जाड आणि मूळ मापाची, अशा दोन जोड्या होत्या. प्रेमिला ही उचले, ती ठेवे. शेवटी जाडच घेतली. बसवल्यावर गाडीचं नाक वर उठलं, पण पहिल्याच गतिरोधकावर ती ताठच उसळली आणि प्रेमिलाच्या मनात पाल चुकचुकली.

शेडवर येऊन तिनं गाडी पारखायला तडकलेली मूर्ती केबिनच्या पाठीला टेकवून बांधली. अंकुश मूर्तीला धरून मागे बसला. जरा पुढे गेल्यावर तो केबिनवर थापा मारू लागला.

"थांब वं! मूर्ती नाचून राहिली. माहे दात वाजून राहिले."

मूर्ती शेडमध्ये उतरवून तिनं गाडी तडक गॅरेजकडे नेली.

"आत्ताच तर टाकल्या!" रविंद्रभाऊ वैतागले.

"भाऊ, जड माल असता तं गोष्ट वेगळी. प्लास्टर हाय माहं. पुढून गाडी थोडी दबली पाहिजे, नाहीतर धक्का सरळ मूर्तीले बसते."

"मंग पुन्हा बसली तर मले बोलू नका."

वापरलेली जाड जोडी परत घ्यायला दुकानदारानं नकार दिला. ती शेडच्या कोपऱ्यात पडून राहिली. मूळ मापाची नवी जोडी बसेस्तोवर प्रेमिला गॅरेजच्या दारात येरझाऱ्या घालत होती.

पौर्णिमेच्या सकाळी काटोल रोडवर तिचा निम्मा जीव मागच्या ताडपत्रीत होता. गाडी थांबवायची, ताडपत्री उचलून बघायची, पुन्हा निघायची. गावात मूर्ती उतरली तेव्हा तिनं आधी बोटं पाहिली. सगळी शाबूत होती. विहारातल्या कांताबाईंनी मेणबत्ती लावली, वंदना सुरू झाली. प्रेमिलानं हात जोडले, पण शेवटचं "साधू" होताच ती बाहेर आली आणि चाक अन् मडगार्ड यांच्या मधल्या जागेत वीत घालून पाहिली. डावीकडे तेवढीच, उजवीकडेही तेवढीच.

तिनं रविंद्रभाऊंना फोन लावला. "दोन्हीकडं सारखी हाय, भाऊ."

"नवी स्प्रिंग थोडी तं बसतेच, ताई. पुढच्या हप्त्यात दाखवून जा."

"किती बसन?" तिनं विचारलं, आणि फोन कानाला तसाच धरून ती पुन्हा डाव्या चाकापाशी वाकली.