वन्संनी लावलेली शोधसेवा

अख्ख्या सोलापुरात ‘झालं’ या शब्दावर काडीचाही विश्वास नसलेलं एकच माणूस असेल, आणि ते नेमकं माझ्या नात्यात पडलं. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आमच्या वन्सं. लग्न केलं नाही, आमच्याच गल्लीत तीन घरं सोडून एकट्या राहायच्या, आणि एका खासगी दवाखान्यात कॉम्प्युटरचा सगळा कारभार बघायच्या. त्याच दवाखान्यात क्ष-किरण विभागाच्या खिडकीत मी बसते, म्हणजे दिवसाचे आठ तास आणि वर सगळे सणवार मी त्यांच्या तावडीत असे. कूकर झाला म्हटलं की “कशावरून?” नवऱ्यानं टेंभुर्णीहून निघालो म्हणून फोन केला, तर “समोर कुठलं दुकान दिसतंय, ते वाच आधी.” माझ्या लेकीच्या लग्नाच्या बोलणीत मुलाकडच्यांनी “आम्हाला मुलगी पसंत आहे” म्हटलं, तेव्हा वन्संनी तोंड उघडायच्या आत मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला, म्हणून ती सोयरीक टिकली.

दुसरी खोड म्हणजे काहीही बदलायच्या आधी जुनं जपून ठेवायचं. आमटीत जरा चिंच वाढवायची झाली, तरी आधी वाटीभर आमटी बाजूला काढायच्या. “बिघडली तर परत यायला जागा पाहिजे की.” त्यांच्या फ्रिजमध्ये अशा वाट्यांची रांग असे, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. आणि तिसरी खोड सगळ्यांत वाईट. दुरुस्त केलेली वस्तू दोनदा बंद करून दोनदा चालू केल्याशिवाय ती दुरुस्त झाली असं त्या मानत नसत. पाण्याची मोटर बसवायला आलेल्या माणसाला त्यांनी जिना इतक्या वेळा चढायला-उतरायला लावला, की शेवटी तो हात जोडून म्हणाला, “मावशी, मोटर चांगली हाय, मीच बंद पडतो आता.” माझ्या माहेरकडून आमच्या घरात कानडी चालते, त्या दिवशी मी “साकु, साकु” म्हणत, म्हणजे पुरे, पुरे म्हणत, त्यांना ओढून आत आणलं होतं.

तर दवाखान्याच्या समोरच्या नव्या इमारतीत रुग्णांचे क्ष-किरण आणि स्कॅनचे फोटो साठवायच्या मोठ्या पेट्या आल्या. प्रत्येक पेटीचा कारभार बघणारा एक कंट्रोलर असतो, आणि आमच्या मुख्य मशीनला त्याचा पत्ता माहीत असावा लागतो. पूर्वी हे पत्ते वन्सं एकेक करून हातानं लिहीत. एखादा कंट्रोलर बदलला की पुन्हा वन्सं. या वेळी त्यांनी ठरवलं, की मशीनमध्ये मागच्या मागं चालणारी एक सेवा लावायची, जी नेटवर्कवर कोण कोण आहे ते विचारत राहील आणि स्वतःच जोडून घेईल. जेवणाच्या सुट्टीत मी डोकावले. “काय करलालाय वन्सं?” म्हटल्यावर त्यांनी मला शेजारी बसवूनच घेतलं. “हे बघ, या फाइलमध्ये एकच पत्ता लिहायचा. चौकशी कुठं करायची तो. बाकीचे सगळे ती तिथं विचारून आणते.”

पहिल्या दुपारी तिनं काहीच आणलं नाही, कारण वन्संनी पत्त्यातला एक आकडा चुकवला होता. दुसऱ्या दुपारी तिनं नको इतकं आणलं. जुन्या इमारतीत जिन्याखाली पडलेली एक पेटी, जी बंद आहे असं गेली दोन वर्षं सगळेच धरून चालले होते, तीही तिनं हुडकून जोडून टाकली. वन्सं इतक्या खूश झाल्या की त्या पेटीवरची धूळ स्वतःच्या पदरानं पुसून आल्या. मग मात्र फाइलमध्ये ‘हिला धरायचं नाही’ अशा अर्थाची एक ओळ लिहिली. आता राहिलं होतं ते मशीन बंद करून पुन्हा चालू करणं. पण बाहेर रांग लागलेली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, “मॅडम, आता बंद नको. पेशंट आहेत. रविवारी बघा.” वन्सं आयुष्यात पहिल्यांदा “बरं” म्हणाल्या.

रविवार यायच्या आधीच, शुक्रवारी सकाळी वीज गेली. जनरेटर लागायला वेळ लागला, मुख्य मशीन बंद पडून परत सुरू झालं, आणि आमच्या पडद्यावर एकही फोटो येईना. नातेपुत्याचे एक आजोबा मांडीचं हाड मोडून आलेले, ऑपरेशनला आत न्यायची तयारी झालेली. फोटो पाहिल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नाहीत. आजोबांची मुलगी माझ्या खिडकीला धरून उभी. “ताई, काय झालं ओ? आण्णांचं काय वाईट हाय का? खरं सांगा की.” मी नाही, नाही म्हणत होते, आणि समोरून वन्सं पळत येत होत्या. सत्तावन्न वर्षांच्या वन्संना पळताना मी तेव्हाच पाहिलं.

येऊन त्या मुख्य मशीनसमोर बसल्या आणि पडद्यावरच्या दोन ओळी वाचल्या. पेट्या ठीक होत्या, पत्ता ठीक होता. सेवाच झोपलेली होती. लावली त्या दिवशी वन्संनी ती सुरू केली होती. पण मशीन उठेल तेव्हा तूही आपोआप ऊठ, हे तिला सांगायचं राहून गेलं होतं. त्यांनी ते सांगितलं, सेवा सुरू केली, आणि पडद्यावर आजोबांचं मोडलेलं हाड स्वच्छ दिसलं. मोडलेलं हाड बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. आजोबा आठवड्यानं घरी गेले.

सोमवारच्या बैठकीत व्यवस्थापकांनी कारण लिहून टाकलं होतं: वीजपुरवठा खंडित. सगळ्यांनी माना डोलावल्या. वन्सं उभ्या राहिल्या. “वीज गेली हे खरं. पण फोटो माझ्या चुकीमुळं गेले.”

“मॅडम, जाऊ द्या ना,” व्यवस्थापक हळूच म्हणाले. “तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद वर गेलाय.”

वन्संनी तिथंच बसून अर्धं पान लिहून दिलं. परत येताना मी चिडून म्हटलं, “कशाला लिहिलंत? कुणी विचारलं होतं का?”

“अगं, मी नसेन तेव्हा फोटो गेले, तर पुढचा माणूस वीज दुरुस्त करत बसेल की.”

मुदतवाढ मिळाली नाही. त्या अर्ध्या पानामुळे की आणखी कशामुळे, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. निवृत्त झाल्यावर वन्सं कुर्डुवाडीला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. जायच्या आधीच्या रविवारी मात्र त्यांनी ते मशीन चार वेळा बंद करून चार वेळा चालू केलं, आणि चारही वेळा मला पडद्यासमोर बसवून फोटो मोजायला लावले.

त्यानंतर वीज कितीदा तरी गेली. परवाही गेली. मशीन उठलं, पाठोपाठ फोटो आले. खिडकीपुढच्या रांगेला काही कळलंसुद्धा नाही. मी मुद्दाम कुर्डुवाडीला फोन लावून सांगितलं.

“म्हणजे कुणाला बोलवावं लागलं नाही तर,” वन्सं म्हणाल्या.

“नाही, वन्सं. कुणालाच नाही.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या, आणि मग सोलापुरात ऊन कसं आहे ते विचारत राहिल्या.