पंचांग नसलेल्या मौलवीचा मुहूर्त

"मौलवी साब, पंचांग देखना आता है?"

सीओ साहेबांनी बंकरमध्ये हा प्रश्न विचारला तेव्हा बाहेर गोळे पडत होते. सीओ म्हणजे अख्ख्या पलटणीचे प्रमुख. आणि मी नावड्याचा कोकणी मुसलमान, त्याच पलटणीचा धर्मगुरू.

फौजेत ही रीतसर नोकरी असते. वर्दी असते, हुद्दा असतो. शांततेत नमाज, पूजा, नव्या जवानांच्या शपथा. लढाईत डॉक्टरांच्या हाताखाली जखमींची सेवा. आमची पलटण मिश्र, त्यामुळे मंदिर आणि मशीद एकाच छपराखाली. पंडितजी रजेवर गेले की मंदिराची चावी माझ्याकडे, मी गेलो की मशिदीची त्यांच्याकडे. आरत्या मला तोंडपाठ होत्या. पंडितजी म्हणायचे, तुमचा आवाज माझ्यापेक्षा बरा आहे. आहेच.

त्या वेळी पंडितजी गावी गेले होते आणि लढाई पेटल्यावर परतीच्या वाटेत अडकले होते. पंचांग त्यांच्या ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप.

वरच्या चौकीवर उरणजवळच्या मोऱ्याचा धनाजी कोळी पायात गोळ्याचा तुकडा घुसून पडला होता. आज खाली आला तर पाय वाचेल, नाहीतर पाय जाईल आणि कदाचित धनाजीही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वाटेत एक उघडा उतार होता, शत्रूला समोरून सरळ दिसणारा. पण सकाळपासून त्यावर दाट धुकं बसलं होतं. धुकं होतं तोवर वाट आमची होती.

स्ट्रेचर तयार, माणसं तयार. हुकूम तेवढा नव्हता. साहेब नकाशा बघत, घड्याळ बघत, पुन्हा चहा मागवत. माणूस वाईट नव्हता. छावणीत त्यांनी बसवलेली परेड बघत राहावी अशी असायची. पण इथे हुकूम चुकला तर माणसं मरणार होती आणि ते ओझं त्यांना पेलत नव्हतं. मला आधी राग आला, मग कीव आली, मग पुन्हा राग आला.

"पंचांग नाही येत, साहेब."

"मग चांगली वेळ कशी कळणार? पंडितजी असते तर..."

"तर त्यांनीही धुक्याकडेच बघितलं असतं."

मी सॅल्यूट ठोकला. "जखमीजवळ जाणं ही माझी ड्यूटी आहे. मी निघतो. थांबवायचं असेल तर आत्ता सांगा."

त्यांनी नकाशात डोकं घातलं. बाहेर आमचे सुभेदार मेजर, जवानांतले सगळ्यांत वडीलधारे, वाटच बघत होते.

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले नाहीत."

"मग बघताय काय? उचला स्ट्रेचर!"

वर पोचलो. धनाजीने डोळे उघडले. "मौलवीसाहेब, तुमी? पंडितजी कुठं हाईत?"

"का, मी चालत नाही?"

"चालतं की! पन आरती म्हना. पाय लय दुखतोय."

मग काय, उतारभर हळू आवाजात आरती. स्ट्रेचर धरणाऱ्यांत दोघे माझेच नमाजी होते, तेही ठेक्यावर पाय टाकत होते. धुकं फाटून उतारावर गोळीबार सुरू झाला तेव्हा धनाजी डॉक्टरांच्या टेबलावर होता. पाय वाचला. मला इतका आनंद झाला की मी लंगरच्या आचाऱ्याला मिठी मारली आणि त्याची डाळ सांडवली.

साहेबांची पुढे गुपचूप बदली झाली. जाताना माझा हात धरून म्हणाले, "मुहूर्त अच्छा निकाला आपने."

गेल्या महिन्यात धनाजीची नवी होडी पाण्यात उतरायची होती. पंडितजी आणि मी, आम्हा दोघा निवृत्त म्हाताऱ्यांना मोऱ्याला बोलावणं. होडीला हार, किनाऱ्यावर सगळा कोळीवाडा. पंडितजींनी पंचांग उघडलं. शुभ वेळ अजून तासाभराने होती.

धनाजी डोकं खाजवायला लागला. मी विचारलं, "भरती कुठवर आलीय?"

"भरलीय पुरी. आता वसरंल."

पंडितजींनी माझ्याकडे बघितलं, पंचांग मिटून काखेत मारलं. "मौलवींना विचार बाबा. मुहूर्ताचं यांचं जुनं खातं आहे."

"लोटा होडी!" मी ओरडलो.

सगळ्यांत आधी पाण्यात पडला तो धनाजीचा तोच पाय. होडी सरकली, पोरीबाळी नाचायला लागल्या. पंडितजी आणि मी गुडघाभर भिजलो.

नोकरीत शिकलो ते एवढंच. जो साहेब फार मुहूर्त विचारतो, त्याला मुहूर्त नको असतो. उद्या काही चुकलं तर नाव घ्यायला कुणीतरी हवा असतो. पंडित रजेवर असला तर मौलवीही चालतो.