सुनीताची वाचा आणि शेखवहिनींचे धपाटे

"वो तीसरी मंज़िलवाली सुनीता है ना, वो तो अब बोल भी नहीं..."

एवढंच ऐकलं आणि लिफ्टचं दार बंद झालं! आत मिसेस खन्ना, बाहेर मी.

आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत किस्से असे अर्धवटच मिळतात. एक तुकडा लिफ्टपाशी, एक दूधवाल्याकडे, एक गच्चीवर पापड वाळवताना. ते जोडत बसायचं काम माझ्याकडे. लोक त्याला चोंबडेपणा म्हणतात. म्हणोत बापडे! सुनीताचे तुकडे मात्र इतके साठले की म्हटलं, आता लिहूनच काढावं.

तर मी घरी गेले, वाटीभर साबुदाण्याची खिचडी घेतली आणि सुनीताचं दार वाजवलं. सुनीता सावंत म्हणजे पहाडगंजच्या मराठी शाळेतली पहिलीच्या वर्गाची बाई. आवाज असा खणखणीत की तिसऱ्या मजल्यावर नवऱ्याला चहाला बोलावलं तर तळमजल्याचा गार्ड उठून उभा राहतो!

तिने माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं.

"काकू, चौकशीच करायची होती ना? मग वाटी कशाला? नुसत्या आला असतात तरी सांगितलं असतं!"

म्हणजे बोलत तर होती!

पण आत बसल्यावर तिने खरं काय ते सांगितलं. मेंदूत गाठ. डाव्या बाजूला, बोलणं जिथून चालतं त्या जागेला अगदी खेटून. डॉक्टर म्हणत होते, लवकर काढू. आणि काढताना मधेच तिला जागं करणार, बोलतं ठेवणार, म्हणजे बोलण्याच्या जागेला धक्का लागतोय का ते कळतं.

सुनीता ऑपरेशनला तयारच नव्हती. "वाचा गेली तर वर्गात काय करू, काकू? हातवारे?"

तिचा नवरा प्रसाद शेजारी बसून खिचडीतले दाणे निवडत होता.

* * *

एमआरआयच्या दिवशी प्रसादला सुट्टी मिळेना. पार्लमेंटचं सेशन चालू, त्याच्या मिनिस्ट्रीत प्रश्नांची उत्तरं तयार करायची घाई. मग सोबत कोण? मी!

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलो होतो. सुनीता भिंतीकडे बघत. एवढ्यात मला वास आला. ज्वारीचं पीठ, लसूण, तीळ. दिल्लीत, फिनेलच्या वासात, धपाटे!

मी वासाच्या मागे गेले. कोपऱ्यात एक बाई डबा उघडून बसलेल्या. डोक्यावर पदर, पायाशी पिशवी.

"धपाटेच ना हे?" मी सरळ विचारलं.

त्या बाईंनी वर पाहिलं. "अगं बाई, मराठी! बसा की इथं. परभणीच्या हाव आम्ही. शेख."

पाच मिनिटांत सगळी माहिती माझ्या पदरात. मुलगा इम्रान यूपीएससीसाठी दिल्लीला आलेला. अभ्यास करताना अक्षरं दिसेनात. तपासलं तर गाठ. तीही डाव्या बाजूला! गेल्या वर्षी ऑपरेशन झालं, आता तपासणीला आले होते.

मी सुनीताला हाताला धरून तिथे आणलं. तिने नमस्कारही केला नाही. एकच प्रश्न. "त्याला बोलता येतं?"

शेखवहिनींनी तिच्या हातात धपाटा ठेवला. "बोलता? बाई, त्याला गप कसं करावं, ते विचारायला आले मी डॉक्टरला!"

* * *

इम्रान आला आणि अम्मीचं म्हणणं सिद्ध झालं! एमआरआयचा नंबर येईपर्यंत त्याने आम्हाला केंद्र-राज्य संबंध समजावले. मला काही कळलं नाही, पण पोरगा बोलत होता हे महत्त्वाचं.

सुनीताने मधेच विचारलं, "आत जागं केल्यावर काय बोललास?"

"ताई, ते म्हणाले, जे पाठ आहे ते म्हण. मी राज्यघटनेची कलमं सुरू केली. एकामागून एक. सगळे खूश. आणि एका कलमाला मी थांबलो."

"मग?"

"मग काय, ऑपरेशन थिएटरमध्ये सन्नाटा! सर्जन म्हणाले, 'क्या हुआ बेटा? बोलो, बोलो!' मी म्हटलं, 'सर, इसके आगे मैंने पढ़ा ही नहीं है!'"

सुनीता हसली. बऱ्याच दिवसांनी, डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसली. नर्स येऊन 'शांत रहिए' म्हणून गेली.

परत येताना मेट्रो यमुनेवर आली. तशी सुनीता एकदम म्हणाली, "काकू, मी काय म्हणू तिथे?"

मी बाहेर बघायला लागले. माझे डोळे कशाला दाखवा! ऑपरेशनला हो म्हणाली होती पोरगी.

* * *

त्या आनंदात शेख मायलेकांना आणि सावंत जोडीला घेऊन मी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या सरकारी गेस्ट हाऊसच्या कँटीनमध्ये मिसळ खायला गेले. शेजारच्या टेबलावर एक बाई होत्या, पोक्तशा, कमरेपर्यंत वेणी. आमचं बोलणं ऐकून खुर्ची घेऊन सरळ आमच्यातच आल्या. माझ्याच जातकुळीतली बाई! नाव वानखेडे, नागपूरच्या, मिस्टर सरकारी नोकरीतून रिटायर.

"माझंही झालं आहे ऑपरेशन," त्या म्हणाल्या. "फार जुनी गोष्ट."

सुनीता त्यांच्या वेणीकडेच बघत राहिली. केस काढावे लागतील या विचाराने ती आतून खचली होती, ते आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं. वानखेडेकाकूंना न सांगता कळलं.

"खरे आहेत. ओढून बघ."

"अहो, नको..."

"ओढ म्हणते ना!"

सुनीताने ओढली. "नीट ओढ!" मग शेखवहिनींनी ओढली. मग मीही हात साफ करून घेतला!

वेटर मिसळीचा ट्रे घेऊन लांबच थांबला. त्याने मॅनेजरला हाक मारली, "सर, जल्दी आइए! लेडीज़ में मारपीट हो गई!"

* * *

ऑपरेशनआधी एक चाचणी असते. चित्रं दाखवतात, नावं विचारतात. ऑपरेशन चालू असताना तीच चित्रं पुन्हा दाखवतात, म्हणजे काय हललं ते कळतं. सुनीताची घरची भाषा मराठी, म्हणून नावंही मराठीत हवी होती. चाचणी घेणाऱ्या मॅडम पंजाबी. त्यांनी बरोबर उत्तरं कुणाकडून घेतली? प्रसादकडून!

आता प्रसाद जन्मला, वाढला, शिकला दिल्लीत. मराठी बोलतो, पण अर्धे शब्द यमुनेत वाहून गेलेले.

चाचणी सुरू झाली. सुनीता म्हणाली, "खलबत्ता." मॅडमनी मान हलवली, चूक. "रवी." चूक. "सूप." चूक! मॅडमचा चेहरा पडला. बाहेर येऊन प्रसादला हळूच म्हणाल्या, "प्रॉब्लम बढ़ गई है. पेशंट शब्द भूल रही हैं."

प्रसादने आत जाऊन ते सुनीताला सांगितलं. तिने ती उत्तरं बघायला मागितली. खलबत्त्यापुढे नवऱ्याने सांगितलं होतं, 'कुटायचं ते'. रवीपुढे, 'ताकाची काठी'. सुपापुढे, 'ट्रे'!

सुनीताने एक मोठा श्वास घेतला. "मैडम, मेरी मराठी ठीक है. आप इनको एडमिट कीजिए!"

* * *

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सगळे बाहेर होतो. वानखेडेकाकू जप करत होत्या, शेखवहिनी तसबीहचे मणी ओढत होत्या, इम्रान मनातल्या मनात कलमं म्हणत होता. प्रसाद येरझाऱ्या घालत होता. शेखवहिनींनी त्याला बळेच बसवलं आणि त्याच्या तोंडात धपाट्याचा घास दिला. लहान मुलाला देतात तसा.

उन्हं कलली तेव्हा सर्जन बाहेर आले. मास्क खाली ओढला. आम्ही सगळे एकदम उभे.

"गाँठ निकल गई," ते म्हणाले. आणि मग, "मिस्टर सावंत, आपकी मैडम टीचर हैं क्या?"

"जी. पहली की."

"तभी! हमने कहा, कुछ भी बोलती रहिए. उन्होंने पहाड़े शुरू कर दिए. पूरी टीम को 'बे एके बे' रट गया. पीछे मेरे दो जूनियर आपस में कुछ खुसुर-फुसुर कर रहे थे, तो मैडम वहीं से गरजीं, 'मागे कोण बोलतंय?'"

"सॉरी सर," प्रसाद पुटपुटला.

"अरे, सॉरी किस बात की! हममें से किसी को मराठी नहीं आती. फिर भी सब चुप हो गए!"

* * *

सुनीता घरी आली. डोक्याला मऊ ओढणी, चालणं सावकाश, पण मराठी खणखणीत. फक्त एक झालं. हिंदी गेली! एक शब्द येईना. समजायचं सगळं, तोंडातून निघायचं मराठीच. डॉक्टर म्हणाले, सूज आहे, उतरेल तशी हिंदी परत येईल. इम्रान म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका, तोपर्यंत दिल्लीला मराठी शिकवू!"

पहिल्यांदा खाली उतरली ती माझा हात धरून, भाजीच्या गाडीपाशी. तिथे मिसेस खन्ना, दुसऱ्या दोघीजणींबरोबर. हातात कोथिंबिरीची जुडी.

खन्नाबाईंनी मान तिरकी केली. लहान मुलाशी बोलतात तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "बेटा... अब... थोड़ा... बोल पाती हो?"

सुनीताने माझा हात सोडला. सरळ उभी राहिली.

"खन्नाबाई, माझी वाचा गेली हे मला कळायच्या आधी अख्ख्या सोसायटीला तुम्ही सांगून मोकळ्या झालात! आता आहे ती, ठणठणीत आहे, तेव्हा हेही सगळ्यांना सांगा. लिफ्टमध्ये सांगा, गच्चीवर सांगा, पार्किंगमध्ये सांगा, पण पूर्ण सांगा! आणि ती कोथिंबिरीची जुडी दोनदा चुरगाळून परत ठेवायची नसते, घ्यायची असली तर घ्या, नाहीतर मला द्या!"

गाडीवाल्याने हातातला तराजू खाली ठेवला.

मिसेस खन्ना माझ्याकडे वळल्या. "क्या कह रही है?"

मी म्हटलं, "आपको नमस्ते कह रही है."

"इतना लंबा नमस्ते?"