हार्ड रॉकवरचं क्वार्टर

"मॅडम, हा तलाव आहे, समुद्र नाही. नागपूर जिल्ह्यात लाटा कुठून आणल्या तुम्ही?" साहेब हसले आणि चहाचा कप पुढे ओढला. माझं डोकंच सणकलं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी सरकारी धरणांच्या कामावर जिऑलॉजिस्ट होते, साहेब आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर. वाद होता काटोलकडच्या एका तलावाच्या काठावरच्या क्वार्टरचा. पंप ऑपरेटर गणवीर, त्याची बायको शेवंता आणि दोन लहान मुली त्यात राहत. खाली काळ्या खडकाचा कडा. जागा साहेबांनी स्वतः पसंत केलेली, दिवाळीनंतर, तलाव तुडुंब असताना.

मी गेले मे महिन्यात. पाणी उतरलं होतं, कड्याचा पाय उघडा पडला होता. आपल्याकडचा काळा खडक म्हणजे लाव्हाचे थर. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल, मातकट पट्टा असतो. आम्ही त्याला रेड बोल म्हणतो. तो भिजला की फुगतो, वाळला की त्याचा भुगा होतो. वारा सुटला की तलावावर लाटा उठतात. गुडघ्याएवढ्याच, पण त्यांना सुट्टी नसते. त्या भुगा धुऊन नेतात, आत खाच पडते. वरचा काळा खडक छज्ज्यासारखा अधांतरी राहतो. त्यालाही उभ्या भेगा असतात आणि ऊन-पाणी त्या रुंदावत राहतं. समुद्रकाठचे कडेही असेच ढासळतात, तिथे लाटा मोठ्या एवढंच.

मी खाचेत काठी घातली. हात खांद्यापर्यंत आत गेला तरी काठी कुठे टेकली नाही. बरोबर वर गणवीरचं स्वयंपाकघर होतं.

शेवंता खाली उतरून आली. "साहेब तं म्हणते पक्का पत्थर आहे. मंग पावसाळ्यात फळीवरचे भांडे काहून थरथरते, बाई?"

"पावसाच्या आत क्वार्टर सोडा," मी म्हणाले.

"सोडलं तं ह्यायची नोकरी जाईन ना."

म्हणून मी साहेबांसमोर बसले होते. त्यांनी क्वार्टरच्या बांधकामाचा जुना रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. "वाचा. हार्ड रॉक लिहिलंय."

"साहेब, तो शब्द खोदाईचा आहे. पाया खणताना सुरुंग लावावा लागला की आपण हार्ड रॉक लिहितो, ठेकेदाराला तसा रेट मिळतो. त्या दगडाखाली काय आहे, ते त्यात कुठे आहे?"

"बरं बाबा. खाच सिमेंटने लिंपून घेऊ."

आणि खरंच लिंपली. वरून चुनाही मारला. बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत पोकळ ते पोकळच.

मग मी गणवीरला स्पष्ट सांगितलं, "माझ्या सांगण्यावरून सोडा. कोणी विचारलं तर माझं नाव घ्या." तो बिऱ्हाड घेऊन काठापासून दूर असलेल्या स्टोअरच्या खोलीत गेला. आठवड्याभरात त्याला मेमो आला: परवानगीशिवाय क्वार्टर सोडल्याबद्दल खुलासा करावा. वाहवा.

श्रावणात तलाव भरला आणि एका दुपारी कड्याचा तुकडा स्वयंपाकघरासकट पाण्यात गेला. चूल, फळी, मागची भिंत, सगळं. शेवंता तेव्हा स्टोअरच्या खोलीत पोरींना जेवायला वाढत होती. फाइलवर कारण पडलं अतिवृष्टी. लाल पट्ट्याचं नाव नाही, जागा निवडणाऱ्याचं तर नाहीच.

तेही मी गिळलं असतं. पण गणवीरवरचा मेमो तसाच होता. मी केबिनमध्ये गेले. साहेब म्हणाले, "मॅडम, नियम म्हणजे नियम. परवानगी नव्हती त्याची."

"तो परवानगीची वाट बघत तिथे राहिला असता, तर हा मेमो तुम्ही कुणाच्या हातात दिला असता?"

मेमो दुसऱ्या दिवशी मागे घेतला गेला. माफी कोणी मागितली नाही, शेवंताचीसुद्धा नाही.

काठावर घर बांधायचं असेल, तर जागा पाणी उतरल्यावर बघावी. त्यासाठी मेच्या उन्हात उभं राहायचं जिवावर येत असेल, तर दुसऱ्याला तिथे राहायला पाठवू नये.