मागितलं की द्यायचं

इसिकेलीकडे, आमच्या केलीकडे, कुणी काही मागितलं की त्याचा हात आधी पुढे व्हायचा, डोकं नंतर चालायचं. माझ्या मागच्या खोलीत तो चार वर्षं भाड्याने राहिला. तेवढ्या काळात त्याचं जाकीट गेलं, सायकल गेली, उकडलेल्या कसावाच्या कंदांची भरली पातेली गेली. फिजीत याला केरेकेरे म्हणतात. आपल्या माणसाने मागितलं तर नाही म्हणायचं नाही. मीही तिथलीच, बा नावाच्या नदीकाठच्या ऊसवाल्यांची लेक, मला रिवाज ठाऊक आहे. पण इथे परदेशात, टिमारूच्या थंडीत अंगावरचं जाकीट काढून देणारा वेडा मी एकच पाहिला.

"केली, उद्या कुणी तुझे दात मागेल रे."

"मागू दे काकी, पुढचे दोन तसेही हलतायत." आणि घर दणाणून जाईल असा हसायचा.

बंदरावर मासेमारीच्या बोटी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात तो वेल्डर होता. स्टेनलेस स्टीलच्या पातळ नळीला आर्गन वेल्डिंग करावं तर त्यानेच. पण व्हिसा तात्पुरता, तोही संपत आलेला. बायको वासिती आणि आठ वर्षांची लेक लिती तिकडे गावी. त्यांना आणायचं तर इथे कायम राहायचा परवाना हवा, आणि त्यासाठी मालकाने पक्की नोकरी देऊ केलेली हवी. कायमची जागा, पूर्ण वेळ, बाजारभावाने पगार. मालक डेस्मंड भला माणूस, एका पायावर तयार होता. एकच अट उरली होती. आधी जागेची जाहिरात द्यायची आणि या देशातलं लायक माणूस मिळालं नाही असं दाखवायचं.

"इथे कोण मरायला येतंय?" डेस्मंड म्हणाला. "इतक्या वर्षांत कुत्रं फिरकलं नाही." केलीने तेवढ्या भरवशावर लितीसाठी जुन्या बाजारातून छोटा पलंग आणला आणि पिवळा रंगवला.

अर्ज आला तो मेरेआनाचा. याच गावची माओरी बाई, नवरा सोडून गेलेला, पदरात तीन पोरं. कारखान्यात झाडलोट करायची. दोन हिवाळ्यांमागे ती केलीला म्हणाली होती, "मलाही शिकव ना हे." झालं! तिने मागितलं ना! रोज काम सुटलं की हा तिच्यामागे उभा. "हात सैल सोड बाई, नळी काय पळून जातेय?" ती वेल्डिंगची परीक्षा पास झाली तेव्हा यानेच माझ्या अंगणात नारळाच्या दुधातली मासळी करून सगळ्यांना जेवू घातलं. जाहिरात केलीच्याच जागेची आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, आणखी एक जागा निघाली.

डेस्मंड टोपी हातात घेऊन माझ्या दारात आला. "तिच्यात खोट काढू तरी कुठून, केली? तिचे जोड अगदी तुझ्यासारखे येतात रे."

तो गेल्यावर मी केलीला म्हटलं, "जा तिच्याकडे. अर्ज मागे घे म्हण. जन्मभर दिलंस, एकदा मागून बघ."

दुसऱ्या दिवशी तो कामावरून परस्पर तिच्याकडे गेला. परत आला तो हात हलवत.

"मागितलंस?"

"पोरं दारातच गळ्यात पडली, काकी. ती म्हणाली, बरं झालं आलास, मीच येणार होते. सोमवारपासून काम आहे, तुझा वेल्डिंगचा मास्क देतोस का?"

"आणि तू दिलास."

"तिने मागितला."

माझं डोकं फिरलं. मी चपला पायात सरकवल्या. "थांब, आत्ता जाऊन सांगते. कळू दे बाईला कुणाच्या ताटातला घास उचलला ते!"

तर हा उंबऱ्यात खाली बसला. गावात मोठ्यांसमोर बसतात तसा, मांडी घालून, मान खाली.

"काकी, केरेकेरे. तिला सांगू नकोस. कळलं तर ती जागा सोडेल. मग ती पोरं काय खातील?"

चार वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी चपला काढल्या आणि रडले. शिव्याही घातल्या, त्याला, डेस्मंडला, त्या अटी लिहिणाऱ्याला.

तेवढ्यात गावाहून फोन आला. लिती होती. आमच्याकडे केरेकेरे म्हणूनच मुलं हट्ट करतात.

"बाबा, पलंग वाळला का? या नाताळाला मला तिकडे ने ना. केरेकेरे, बाबा."

त्याने मागच्या खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"नाही, बाळा," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पोरीला बहुधा नीट कळलं नाही. तिने पुन्हा मागितलं, आणि त्याला तो पुन्हा म्हणावा लागला.