छातीवरचं लेबल

आमच्या वर्तमानपत्रातले मुद्रितशोधक आबा एकतीस वर्षं दुसऱ्यांचं लिखाण तपासत राहिले आणि त्यांचं नाव एकदाही छापून आलं नाही. बातमीवर वार्ताहराचं नाव जातं, व्यंगचित्राखाली माझी सही असते. आबांच्या वाट्याला कोपऱ्यातलं टेबल आणि दोऱ्याने बांधलेला चष्मा.

मी नवखा होतो तेव्हा मला बातमी वाचायला त्यांनीच शिकवलं. कोण, काय, कुठे, कधी हे पहिल्याच परिच्छेदात आलं पाहिजे. 'सूत्रांनी सांगितले' असं दिसलं की त्या सूत्राला नाव आहे का, ते आधी विचारायचं. माझ्या चित्रांबद्दल म्हणायचे, "अतिशयोक्ती कर, पण माणसाच्या वागण्याची कर. नाकाची कशाला? नाक काही त्याने निवडलेलं नसतं." मी मान डोलवायचो आणि नाकं लांबवायचो.

त्यांच्या निवृत्तीला आठवडा उरला होता. अग्रलेख सरकारी कचेऱ्यांतल्या लाचखोरीवर होता आणि पान छपाईला सुटायला वीस मिनिटं. व्यंगचित्रात खिडकीमागे बसलेला एक कारकून हवा होता, कुणाचाच नसलेला चेहरा. डोकं चालेना, हात मात्र चालला. टक्कल, बाहेर आलेले कान, दोऱ्याचा चष्मा. छातीवर लेबल लिहिलं: 'लाचखोर'. कोणाचा चेहरा उतरतोय हे मला कळलंच नाही, अशी शपथ मी आजही घेऊ शकत नाही.

पानाचं प्रूफ नेहमीप्रमाणे आबांकडेच गेलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, खाली सही केली आणि पुढे पाठवलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत हशा पिकला. "आबा, आमचं काम किती घेऊन करणार?" आबा हसले. मीही दात काढले, त्याची लाज अजून जात नाही.

चार दिवसांनी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. आबा बाहेर गेले होते, घरी त्यांच्या पत्नी, काकू, होत्या. काकूंची नजर अधू, पेपर आबाच त्यांना वाचून दाखवतात. भिंतीवर काचेच्या चौकटीत माझं चित्र होतं, गळ्याशी नेमकं कापलेलं. लेबल नव्हतं, खिडकी नव्हती, नुसता चेहरा.

"एकतीस वर्षांत पहिल्यांदा आले बघ पेपरात," काकू काचेवरून बोट फिरवत म्हणाल्या. "निवृत्तीची भेट म्हणून तू काढलंस, सांगत होते. मला मेलीला नीट दिसत नाही. छान आलेत ना रे?"

वाटेत दहादा घोकलेली माफी मी गिळली.

"हो काकू," मी म्हणालो.