वळणावरच्या गाद्या

खिंडीतून उतरणारा रस्ता जिथं एकदम डावीकडे वळतो, बरोबर तिथं उजव्या हाताला झेलकाकांचं घर आणि घराच्या पुढच्या भागात गाद्यांचं दुकान. झेलकाका हे नाव काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते गावानं ठेवलं आणि काकांनी आनंदानं मिरवलं. गेल्या चार वर्षांत बावीस परदेशी पाहुणे आपापल्या मोटारसायकलींसकट काकांच्या अंगणालगतच्या रस्त्याकडेच्या भिंतीवर येऊन आदळले होते, आणि भिंतीला काकांच्या गाद्या टेकवलेल्या होत्या म्हणून बावीसच्या बावीस जण कपडे झटकत उठले होते. एकाचं मनगट मुरगळलं, एकाचा दात हलला, बाकी कुणाला ओरखड्यापलीकडे काही नाही. भिंत दगडी, आणि भिंतीमागं दोन पुरुष खोल ओढा. गाद्या नसत्या तर काय झालं असतं हे सांगायला काकांना फार आवडायचं आणि ते हातवाऱ्यांसकट सांगायचे.

तसे काका साधे गृहस्थ. साठीला आलेले, बुटके, सदानकदा भुवयांत कापूस अडकलेला. आयुष्यभर त्यांनी लोकांचा दबलेला कापूस उपसला, पिंजला आणि नव्या खोळीत भरून परत दिला. गादीवर हात फिरवला की तिच्यावर झोपणारा माणूस कोणत्या कुशीवर झोपतो हे ते सांगत, आणि न विचारता सांगत. एकच हौस त्यांना होती, भडक खोळींची. लालभडक, पिवळीजर्द, तिच्यावर ताटाएवढी फुलं. "गादी कशी लांबून दिसली पाहिजे," ते म्हणायचे. त्यांच्या गाद्या खिंडीच्या तोंडापासून दिसत.

पहिली येऊन पडली ती लाल केसांची एक बाई. "नशीब बघा," काका सांगत, "वीस वर्षं माझं दुकान मागच्या गल्लीत. घर बांधून वळणावर आलो, भिंतीला गाद्या उन्हात लावल्या, आणि तिसऱ्याच दिवशी ही बाई आली! तीन दिवस आधी आली असती तर?" ऐकणारा हळहळे. काका मग दुसरा मुद्दा काढत. "आपल्या गावचा एक तरी माणूस पडला का? दूधवाला रोज येतो, मास्तर रोज स्कूटरवरून जातात. मग हेच लोक का पडतात? तिकडे रस्ते सरळ असतात हो. वळणाची सवय नाही बिचाऱ्यांना." परदेशातले रस्ते काकांनी पाहिले नव्हते, पण त्यामुळे त्यांचं काही अडत नसे.

पडलेल्या पाहुण्याला उठवायचं, पाणी द्यायचं, हातपाय हलवून बघायला लावायचं, ही काकांची कामं. पुढचं सगळं काकूंचं. मुलगी लग्न होऊन लांब गेली तेव्हापासून काकूंना ते घर खायला उठायचं. त्यामुळे आकाशातून पडल्यासारखा माणूस दारात आला की त्यांना उत्साहाचं भरतं येई. भाषा कळत नसली तरी पाहुण्याला दोन वेळा पोटभर वाढून, लेकीच्या लग्नाचे फोटो दाखवून आणि एक रात्र मऊ गादीवर झोपवूनच त्या सोडत. पाहुणा गेला, की ज्या गादीवर तो पडला तिच्या काठाला काका लाल दोऱ्याचा एक टाका घालत. अशा टाक्यांच्या गाद्या ते विकत नसत. त्या भिंतीलाच लागलेल्या असत.

आणि याच गाद्यांवर एका शुक्रवारी संकट आलं. ते घेऊन आला काकूंचा सख्खा भाऊ, रस्तेखात्यातला शिपाई. येऊन चहा प्यायला, दुसऱ्यांदा प्यायला, मग खिशातून घडी घातलेला कागद काढून बहिणीच्या हातात दिला आणि छताकडे बघत बसला.

"रस्त्याच्या कडेला गाद्या ठेवणं हे अतिक्रमण आहे म्हणे," काका कागद वाचून ओरडले. "सोमवारी उचलून नेणार? कोण?"

"मीच," मेहुणा म्हणाला. "चार माणसं आणि ट्रक घेऊन. पण भाऊजी, साहेबाला भेटा. उद्या बारापर्यंत आहे तो."

काकांचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. गाद्यांचं दुःख होतंच, पण खरी भीती निराळी होती. सोमवारी गाद्या गेल्या आणि मंगळवारी कुणी आलं, तर ते दगडावर येणार होतं. माणसं पडत राहणार आणि आपण खिडकीतून बघत राहणार, या विचारानं ते अंथरुणात उठून बसले.

साहेबाचं कार्यालय खिंडीपलीकडच्या गावात. सकाळी एकच बस. काका ठेवणीतला सदरा घालून दाराबाहेर पडले, तेवढ्यात वरून ब्रेक किंचाळला, धप्प आवाज झाला आणि तेविसावी पाहुणी गाद्यांत रुतली. जाड चष्म्याची, पन्नाशीची, उंच बाई. काका धावले. तिला काढलं, गाडी उभी केली, पाणी दिलं, आणि मान वर केली तर बस निघून गेलेली.

चष्मेवालीला त्यांच्या भाषेतले तीसचाळीस शब्द येत होते आणि ते सगळे ती न लाजता वापरत होती. "मी ठीक," ती म्हणाली. "गाडी ठीक. तुम्ही का रडता?"

"रडतोय कुठं?" काका म्हणाले. काकूंनी मात्र कागद दाखवला, खिंडीकडे बोट केलं, घड्याळ दाखवलं, नवऱ्याकडे बोट केलं. बाई हुशार. तिनं मागची सीट थोपटली.

आता इथं सांगायला हवं की तेवीस जणांना उडत येताना पाहिलेला हा माणूस स्वतः जन्मात मोटारसायकलवर बसला नव्हता. "हिच्या मागं? आत्ताच पडली ती!" पण वाजले होते साडेनऊ आणि दुसरा इलाज नव्हता. हेल्मेटशिवाय बाई किल्ली फिरवेना, म्हणून काकूंनी मास्तरांचं हेल्मेट मागून आणलं. तेवढ्यानं काकूंचं समाधान झालं नाही. त्यांनी दुकानातल्या चार छोट्या उशा घेऊन नवऱ्याच्या दोन गुडघ्यांना आणि दोन कोपरांना सुतळीनं बांधल्या. "आणि धरून बसा नीट. लाजायचं कसलं त्यात?"

काका लाजले नाहीत, त्यांना तेवढा वेळच मिळाला नाही. पूर्ण चढ त्यांनी डोळे मिटून काढला. पण बाई गाडी मात्र शहाण्यासारखी चालवत होती. वळणाआधी हॉर्न, मग हळू, आरशात नजर, समोरून ट्रक आला की कडेला. एवढी जपून चालवणारी बाई आपल्या दारात का पडावी, असा प्रश्न काकांच्या मनात आला, पण डोळे मिटलेले असताना फार विचार करवत नाही.

कार्यालयात उशा बांधलेला गादीवाला आणि त्याच्या मागून धुळीनं माखलेली परदेशी बाई आत शिरली, तेव्हा सगळ्या टेबलांवरचं काम थांबलं. ते फार चाललेलं नव्हतं ही गोष्ट वेगळी. साहेबानं आधी नियम वाचून दाखवला. मग चष्मेवालीनं कोपर वर करून दाखवलं, "मी पडले, हाड ठीक, गादी चांगली" असं भाषण केलं, आणि साहेब विरघळला. परदेशी बाई आपल्या कार्यालयात येऊन आपल्या रस्त्याबद्दल बोलते, याचं त्याला फार अप्रूप वाटलं. त्यानं खुर्च्या मागवल्या, मेहुण्याला फोटो काढायला लावला आणि गाद्या जागच्या जागी ठेवायला एक वर्षाची लेखी परवानगी दिली. शिक्क्यासकट.

परतीच्या वाटेवर काका वेगळेच होते. खिशात कागद, छाती फुगलेली, डोळे सताड उघडे. खिंड ओलांडली आणि उतार सुरू झाला. बसमध्ये ते नेहमी मागच्या बाकावर बसून पेंगत, त्यामुळे आपलं घर वरून कसं दिसतं हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. करड्या डोंगरात, करड्या रस्त्याच्या टोकाला लाल, पिवळ्या, जांभळ्या गाद्यांची रांग उन्हात नुसती पेटली होती. काकांचा ऊर भरून आला. ते विसरले की आपण गाडीवर आहोत. चष्मेवालीच्या खांद्यावर थाप मारून ते ओरडले, "बघा! बघा! माझ्या गाद्या!"

तिनं बघितलं.

पुढचं गावानं पाहिलं. गाडी वळणाकडे वळलीच नाही. गाद्यांवर नजर खिळवून ती दोघं सरळ आली आणि सरळ गाद्यांतच घुसली. चोविसावी ती, पंचविसावे काका. काकू ओरडत धावल्या. मास्तर स्वतःच्या हेल्मेटसाठी धावले.

काका पाठीवर पडले होते. काही लागलं नव्हतं, उशांना देखील नाही. चष्मेवाली शेजारी बसून आधी पोट धरून हसली, मग गंभीर झाली. तिनं दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांना लावली, मग ती गाद्यांकडे नेली, आणि तळहाताची मोटारसायकल करून बोटांमागून सोडली. "जिथं बघते, गाडी तिथं," ती म्हणाली. "सकाळी मला वाटलं, माझी चूक. आता तुम्ही दाखवलं. पुन्हा तिथं."

काका उठले नाहीत. काकू घाबरल्या. "अहो, बोला की! कुठं लागलं?"

"लाल केसांची," काका आभाळाकडे बघत म्हणाले. "तिसऱ्या दिवशी आली ती."

"काय बडबडताय?"

"अगं, आपण गाद्या लावल्या आणि ती तिसऱ्या दिवशी आली. त्याआधी इथं कोण पडलं होतं? कुणी नाही. गावातले लोक पडत नाहीत, कारण आपल्या गाद्या बघून बघून त्यांचे डोळे विटलेत. नवा माणूस बघतो आणि येतो." त्यांनी खिशावर हात ठेवला. आत शिक्क्याचा कागद कुरकुरला. "बावीस जणांना मी वाचवलं म्हणून सांगत फिरलो. आधी पाडलं मीच त्यांना."

काकूंना हसू आलं होतं, पण नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी बघून त्यांनी ते गिळलं. त्यांना स्वतःलाही वाईट वाटलं, आणि ते फक्त नवऱ्यासाठी नव्हतं. आता दारात कोण येणार, हा विचार त्यांच्या मनात आलाच. तो त्यांनी बोलून दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारी काकांनी गाद्या हलवल्या. चष्मेवाली पन्नासदा वर जाऊन खाली आली, आणि दरवेळी हातानं खुणावत गेली, अजून पुढे, अजून पुढे. शेवटी भडक गाद्या वळणाच्या पार पलीकडे, डाव्या अंगाला लागल्या. आता उतरणाऱ्याची नजर आपोआप वळणातून पलीकडे जाई, आणि गाडी नजरेमागं. भिंतीला काकांनी सहा गाद्या ठेवल्या, पण पोत्याच्या मळकट खोळीत. सोमवारी मेहुणा चार माणसं आणि ट्रक घेऊन आला. परवानगी त्याच्या कानावर होती, पण हुकूम रद्द झाल्याचं त्याला कुणी कळवलं नव्हतं.

"परवानगी मिळाली तरी हलवल्या?" तो चक्रावला.

"माझ्या मनानं हलवल्या," काका गुरकावले. "तुझ्या साहेबाला सांगू नकोस. त्याला वाटेल त्याचंच बरोबर होतं."

महिना गेला. मोटारसायकली येत, सुंदर वळत आणि जात. कुणी हात हलवी, बहुतेक जण तेही नाही. काका दिवसभर कापूस पिंजत आणि कुणालाच गोष्ट सांगत नसत. पंचविसावा टाका काकूंनी घातला होता, निळ्या दोऱ्यानं, चिडवायला. त्याकडे बघून सुद्धा काका हसले नव्हते.

मग एका दुपारी खालून एक मोटारसायकल चढत आली, दारापुढे हळू झाली आणि थांबली. चालवणाऱ्या बाईनं दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, स्टँड लावला, हेल्मेट काढलं आणि चष्मा पुसला. "मी घरी जाते," ती म्हणाली. "आधी इथं जेवते."

काकूंनी तिला आत ओढलंच. वाढता वाढता त्या एकदम उठल्या, टाक्यांची गादी ओढून आणली आणि सुईचा डबा उघडला.

"अगं, आज ती पडली कुठं?" काका म्हणाले. "चांगली स्वतःच्या पायानं आली."

"म्हणूनच घालायचा," काकू म्हणाल्या. "मला दिसत नाही नीट, दोरा ओवून द्या."

काकांनी डबा उचकून सगळ्यात भडक दोरा शोधला आणि सुईत ओवून दिला.